क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यावर व्हिडिओसाठी प्राइम लेन्स: आधी खोली मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१०, सोबत आलेली १६-५० ची किट लेन्स, दहा बाय बाराची खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. व्हिडिओ दोन प्रकारचे: खुर्चीत बसून कॅमेऱ्याशी बोलायचं आणि पाककृती दाखवायच्या. संध्याकाळी चित्र दाणेदार येतं, मागची भिंत माणसाला चिकटल्यासारखी दिसते. म्हणून एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची लेन्स घ्यायची आहे. जो तो ५० मिमी एफ/१.८ घ्या म्हणून सांगतो (मिमी म्हणजे फोकल लेंथ, ती जितकी मोठी तितका दिसणारा भाग लहान; एफ हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितका प्रकाश जास्त). घ्यावी का?

या खोलीसाठी नको. सिग्मा कंपनीची ३० मिमी एफ/१.४ घ्या. समोर दोन माणसं शेजारी शेजारी बसवणार असाल, किंवा काही कारणाने ४के ३०पी (४के चित्र, सेकंदाला ३० फ्रेम) वरच काम करायचं असेल, तर २३ मिमी घ्या. हे उत्तर तुमच्या खोलीच्या मापातून निघालं आहे. ते कसं निघालं हे नीट सांगतो, म्हणजे उद्या जागा बदलली तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

५० मिमीचा सल्ला चुकीचा नाही, तो फोटोचा आहे. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० ही सर्वसाधारण लेन्स होती. ती स्वस्तात बनते आणि भरपूर प्रकाश घेते. तुमच्या क्रॉप सेन्सरवर (तो फिल्मच्या चौकटीएवढ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरपेक्षा लहान असतो) मात्र तीच लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिमी इतका आवळलेला भाग दाखवते, आणि कॅननच्या क्रॉप सेन्सरवर ८० मिमी इतका. बागेत कुणाचा फोटो काढताना चार पावलं मागे सरकता येतं. बाराफुटी खोलीत मागे भिंत असते.

इथे एक घोळ हमखास होतो, तो आधी सोडवू. लेन्स क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली असो की फुल फ्रेमसाठी, तिच्यावर लिहिलेली फोकल लेंथ खरीच असते. ‘क्रॉपसाठीच बनवलीय, मग तिला दीडने गुणायची गरज नाही’ हे चूक आहे. क्रॉपची ३० आणि फुल फ्रेमची ३० तुमच्या कॅमेऱ्यावर सारखाच भाग दाखवतात. क्रॉपसाठीची लेन्स प्रकाशाचं छोटं वर्तुळ टाकते, त्यामुळे ती आकाराने लहान आणि हलकी होते, इतकाच फरक. दुसरं, एफ/१.४ चा उजेड क्रॉपवरही एफ/१.४ चाच असतो, एक्सपोजर बदलत नाही. पार्श्वभूमी धूसर होण्याचं प्रमाण मात्र फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/२.१ इतकं मिळतं. मोठ्या सेन्सरवर चित्रित केलेले व्हिडिओ पाहून तशाच धूसरपणाची अपेक्षा ठेवली तर निराशा होते, ती याच कारणाने.

आता मोजणी. सूत्र एकच आणि सोपं आहे: कॅमेऱ्यापासून माणसाचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ. उत्तर म्हणजे त्या अंतरावर फ्रेममध्ये मावणारी रुंदी. सोनी, फुजी आणि निकॉनच्या क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी, कॅननची २२.३ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सची १७.३ मिमी. उंची हवी असेल तर रुंदीला ९ ने गुणून १६ ने भागा.

बारा फुटांची भिंत म्हणजे ३.६६ मीटर. बसणाऱ्याला मागच्या भिंतीपासून निदान साडेतीन फूट पुढे घ्या, म्हणजे गेले १.१ मीटर. ट्रायपॉडचे पाय आणि कॅमेऱ्यामागे तुम्हाला वाकून स्क्रीन बघायला लागणारी जागा, दोन फूट, म्हणजे ०.६ मीटर. उरले जेमतेम दोन मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा आणि चेहरा यांच्यातलं खरं अंतर हेच असतं.

दोन मीटरवर ५० मिमी लेन्स ९४ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच फ्रेम देते. म्हणजे डोक्यावर थोडी मोकळी जागा आणि खाली छातीपर्यंत. बोलताना हात हलले की ते फ्रेमच्या खालच्या काठावर दिसतात नि नाहीसे होतात, आणि बघणाऱ्याला ते फार खटकतं. ३० मिमी देते १५७ बाय ८८ सेंटिमीटर: बसलेला माणूस कमरेपर्यंत, हातवाऱ्यांसकट. २३ मिमी देते दोन मीटर रुंद आणि ११५ सेंटिमीटर उंच, त्यात दोन माणसं आरामात बसतात. १६ मिमी देते जवळजवळ तीन मीटर. पण तिच्या बाबतीत मागची भिंतही मोजा. भिंत कॅमेऱ्यापासून ३.१ मीटरवर आहे, तिथे १६ मिमीचा फ्रेम साडेचार मीटर रुंद होतो, आणि तुमची भिंत आहे फक्त तीन मीटरची. म्हणजे बाजूच्या दोन्ही भिंती, कपाट, खिडकीचा पडदा, सगळं आत येणार. पार्श्वभूमी सजवायची तर अर्धी खोली सजवावी लागेल. ३० मिमीला भिंतीचा सुमारे अडीच मीटर भाग पुरतो.

विकत घेण्याआधी हे ताडून बघायला पैसे लागत नाहीत. तुमची किट लेन्स १६ ते ५० च्या मधल्या सगळ्या फोकल लेंथ दाखवतेच आणि झूम करताना आकडा स्क्रीनवर येतो. ती ३० वर ठेवा, झूमचं बटण विसरून जा, आणि आठवडाभर सगळं तिथेच शूट करा. मग २३ वर तसंच करा. ज्या आकड्यावर झूमकडे हात सारखा जात नाही, ती तुमची लेन्स. मात्र हे करताना व्हिडिओ मोड आणि फ्रेम रेट तुम्ही प्रत्यक्षात वापरणार तोच ठेवा, कारण बरेच कॅमेरे ४के मध्ये सेन्सरचा आणखी भाग कापतात.

झेडव्ही-ई१० आणि सोनीचाच ए६४०० दोन्ही ४के २५पी ला सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतात, पण ४के ३०पी ला सुमारे १.२३ पट कापतात. ३० मिमीची मग जवळजवळ ३७ होते आणि दोन मीटरवरचा फ्रेम १५७ वरून १२७ सेंटिमीटरवर येतो. अ‍ॅक्टिव्ह स्थिरीकरण लावलं की कडा आणखी कापल्या जातात. कॅनन एम५० ची गोष्ट याहून कडक आहे: ४के मध्ये आधीच्या १.६ वर आणखी १.५६ पट क्रॉप, म्हणजे एकूण अडीच पट, आणि वर ड्युअल पिक्सल ऑटोफोकस (कॅननची व्हिडिओत सलग फोकस धरणारी पद्धत) बंद. त्यावर २२ मिमीची लेन्ससुद्धा ५५ सारखी वागते. एम५० असेल तर फुल एचडीत काम करा आणि लेन्सही त्या हिशेबाने घ्या. कॅननचेच आर५० आणि आर१० ४के ३०पी पर्यंत असं कापत नाहीत.

तुमच्यासाठी २५पी च योग्य, आणि त्याला क्रॉपपेक्षा मोठं कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साधे एलईडी दिवे आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. ३०पी आणि १/६० ठेवलं की चित्रात मंद पट्टे सरकताना दिसतात, आणि लोक दोष नव्या लेन्सला देतात. सोनीच्या मेनूत एनटीएससी/पाल निवडीत पाल करा. कॅमेरा कार्ड फॉरमॅट करायला सांगेल, तेव्हा आधीचं चित्रण आधी काढून घ्या. मग २५पी, शटर १/५०, आणि ते हलवू नका. शटर एकदा बांधलं की उजेडासाठी हातात फक्त अ‍ॅपर्चर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे वाढतात) आणि दिवे उरतात. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या प्राइमची व्हिडिओत इतकी किंमत आहे ती याचमुळे.

ती किती, ते बघा. किट लेन्स ५० च्या टोकाला एफ/५.६ वर असते. एफ/१.४ तिच्यापेक्षा चार स्टॉप उघडी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे १६ पट प्रकाश. किट लेन्सला आयएसओ ६४०० लागत असेल तिथे एफ/१.४ ला ४०० पुरतो. दाणेदारपणाची तुमची तक्रार इथेच संपते. एफ/१.४ आणि एफ/१.८ मधला फरक मात्र जेमतेम पाऊण स्टॉपचा आहे. त्या आकड्यासाठी चुकीची फोकल लेंथ घेऊ नये.

पण एफ/१.४ ची लेन्स घेतली म्हणजे कायम एफ/१.४ वरच शूट करायचं असं नाही. दोन मीटरवर ३० मिमी एफ/१.४ ला फोकसची खोली (पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो) सुमारे २५ सेंटिमीटर असते. खुर्चीत बसून बोलणारा माणूस १०-१५ सेंटिमीटर पुढेमागे होतोच, तेवढं यात सामावतं. ५६ मिमी एफ/१.४ ला त्याच अंतरावर फक्त सात सेंटिमीटर मिळतात. डोळे स्पष्ट, कान धूसर, आणि माणूस जरा मागे रेलला की डोळेही गेले. फोटोत अशी दहातली तीन चित्रं बिघडली तर उरलेली सात वापरता येतात. व्हिडिओत वाक्याच्या मधेच फोकस गेला तर ते वाक्य गेलं. म्हणून बोलण्याच्या व्हिडिओला एफ/२ ते एफ/२.८ धरा. बहुतेक लेन्स एफ/२ च्या पुढे कोपऱ्यांतही अधिक स्पष्ट होतात.

मागच्या भिंतीचं म्हणाल तर इथे लेन्सपेक्षा खुर्ची जास्त काम करते. भिंतीशी ठेवलेली छोटी माळ किंवा दिवा घ्या. कॅमेरा ते माणूस दोन मीटर, कॅमेरा ते भिंत ३.१ मीटर असताना ३० मिमी एफ/१.४ ला तो दिवा फ्रेमच्या रुंदीच्या अर्ध्या टक्क्याएवढ्या ठिपक्यात पसरतो. म्हणजे भिंत मऊ होते, पुसली जात नाही. आता कॅमेरा आहे तिथेच ठेवून खुर्ची अर्धा मीटर पुढे घ्या. तोच ठिपका जवळपास दुप्पट होतो. फ्रेम अर्थात आवळतो, १५७ ऐवजी ११८ सेंटिमीटर रुंद. एकट्या माणसाला तो चालतो. भिंत चिकटल्यासारखी दिसते याचं निम्मं कारण हे की खुर्ची भिंतीला टेकलेली असते. उरलेलं निम्मं प्रकाशाचं: माणसावर आणि भिंतीवर सारखाच उजेड पडत असेल तर कुठलीही लेन्स त्यांना वेगळं करू शकत नाही. छतावरची ट्यूब बंद करा, एक मऊ दिवा माणसाच्या बाजूने ४५ अंशांवर लावा, भिंत आपोआप एक-दोन स्टॉप काळोखी होईल.

आता स्वयंपाकघर, कारण तिथली मागणी अगदी उलट आहे. फोडणीचा वरून घेतलेला शॉट डोळ्यासमोर आणा. कढई, बाजूला मोहरी-जिऱ्याच्या वाट्या आणि दोन हात, एवढं मावायला ६५ सेंटिमीटर रुंद फ्रेम लागतो. ३० मिमीला त्यासाठी लेन्स वस्तूपासून सुमारे ८३ सेंटिमीटर वर हवी. ओटा ८५ सेंटिमीटर धरला तर कॅमेरा जमिनीपासून १.६८ मीटरवर येतो. आडव्या दांड्याच्या स्टँडवर हे सहज जमतं, स्क्रीन उघडून खालून बघताही येतं. हाच फ्रेम ५६ मिमीने घ्यायचा तर लेन्स दीड मीटर वर, म्हणजे जमिनीपासून २.४ मीटर. तिथे छत जवळ येतं. आणि १६ मिमीने घ्यायचा तर ओट्यापासून फक्त ४४ सेंटिमीटर: वाफ थेट काचेवर, तेलाचे शिंतोडे काचेवर, कॅमेऱ्याची सावली कढईत, शिवाय कडेच्या वाट्या लांबट दिसणार. ३० मिमी खोलीलाही बसते आणि ओट्यालाही, म्हणून तिच्यावर माझा एवढा भर.

ओट्यावर एफ/१.४ विसरायचं. ८३ सेंटिमीटरवर एफ/१.४ ला फोकसची खोली चार-पाच सेंटिमीटर भरते. कढईचा काठ स्पष्ट तर तळातली मोहरी धूसर, आणि चमचा वर उचलला की तोही गेला. एफ/४ ला सुमारे १२ सेंटिमीटर मिळतात, एफ/५.६ ला १७. कढईसाठी एवढं लागतंच. एफ/१.४ पासून एफ/४ म्हणजे तीन स्टॉप, आठ पट उजेड कमी. तो लेन्स देणार नाही, दिवाच द्यावा लागेल. पाककृतीच्या व्हिडिओचं बजेट लेन्स आणि दिवा असं दोघांत वाटा. सगळे पैसे काचेत घातले तर ओट्यावर पुन्हा दाणेदार चित्र येईल.

ओट्यावर ऑटोफोकसही बंद करा. हात फ्रेममध्ये आला की फोकस हातावर, गेला की कढईवर, वाफ उठली की कशावरच नाही. मॅन्युअल फोकस लावा, पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) चालू करा, स्क्रीनवर चित्र मोठं करून कढईच्या काठाच्या जरा खाली फोकस धरा, आणि मग रिंगला हात लावू नका. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर असू द्या. फोडणीच्या वेळी उडालेलं तेल त्यावर बसतं. साफ करताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्सच्या द्रावणाचे दोन थेंब कापडावर घ्या, काचेवर नाही. वाफाळलेली काच पदराने किंवा टी-शर्टने पुसली की तेलाचा पातळ थर सगळीकडे पसरतो, आणि पुढच्या शॉटमध्ये दिव्याभोवती धुक्यासारखी झाक दिसते.

खुर्चीत बसून बोलताना उलट, ऑटोफोकस चालू ठेवा, पण त्याला शांत करा. तुमच्या कॅमेऱ्यात फोकस सरकण्याचा वेग १ ते ७ आणि विषय बदलण्याची तत्परता १ ते ५ अशा दोन सेटिंग आहेत. वेग ३-४ आणि तत्परता १-२ ठेवा, चेहरा ओळखणं चालू. हात चेहऱ्यासमोरून गेला तरी फोकस मग हातावर उडी मारत नाही. वस्तू पुढे करून दाखवण्यासाठी ‘प्रॉडक्ट शोकेस’ नावाचं जे सेटिंग आहे, ते गप्पा-मुलाखतीच्या वेळी आठवणीने बंद करा. नाहीतर कपबशीसुद्धा चेहऱ्यावर मात करते.

लेन्सच्या मोटरबद्दल दुकानात कुणी सांगत नाही आणि व्हिडिओत तीच आधी खटकते. स्टेपिंग किंवा लिनिअर मोटरची लेन्स शांत आणि सलग सरकते. जुन्या फोटोच्या लेन्सची मोटर टप्प्याटप्प्याने झटके देत सरकते आणि घरघर करते. कॅमेऱ्यावरचा माइक ती घरघर अचूक पकडतो. कॅननची ५० मिमी एफ/१.८ सेकंड-हँड घेताना म्हणूनच २०१५ ची एसटीएम (स्टेपिंग मोटरची) आहे की त्याआधीची मार्क टू, हे बघा. दिसायला आणि किमतीला दोघी जवळपास, व्हिडिओला जमीन-अस्मानाचा फरक. निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८डी मध्ये तर मोटरच नसते. डी३५०० किंवा डी५६०० वर तिचा ऑटोफोकस चालतच नाही. आणि बॉडी कॅनन १५००डी असेल तर कोणतीही लेन्स लावा, व्हिडिओतला ऑटोफोकस पुढेमागे चाचपडतच राहील, कारण त्यात ड्युअल पिक्सल नाही. तिथे मॅन्युअल फोकसची सवय करणं हाच इलाज.

ब्रीदिंग म्हणजे फोकस बदलताना फ्रेमच जरा आत-बाहेर होणं. फोटोत ते दिसत नाही, व्हिडिओत दिसतं. तपासायला दोन मिनिटं पुरतात: ट्रायपॉडवर कॅमेरा, फ्रेमच्या काठाशी दाराची चौकट येईल असं लावा, अ‍ॅपर्चर एफ/८, आणि फोकस सर्वांत जवळून दूरवर फिरवा. चौकट काठापासून किती सरकते बघा. तुमच्यासारख्या कामात, जिथे फोकस जवळपास एकाच जागी असतो, थोडं ब्रीदिंग असलं तरी बिघडत नाही. एका माणसावरून दुसऱ्यावर फोकस नेण्याचे शॉट घ्यायचे असतील तरच त्याला महत्त्व द्या. तेव्हा फोकसची रिंग यांत्रिक आहे की इलेक्ट्रॉनिक, हेही बघा. बहुतेक आधुनिक मिररलेस लेन्समध्ये रिंग फक्त मोटरला हुकूम देते, आणि रिंग हळू फिरवली की जोरात यावरही फोकस किती सरकेल ते ठरतं. मग रिंगवर पेन्सिलीने खूण करून पुन्हा नेमकं तिथे येणं जमत नाही. सेव्हन आर्टिझन्स, मायके यांच्या मॅन्युअल सिने लेन्स या बाबतीत उत्तम, पण एकट्याने स्वतःला शूट करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कॅमेरा हातात घेऊन स्वतःचं चित्रण करणं हे तिसरंच काम. हात ताणून लेन्स चेहऱ्यापासून ६५ सेंटिमीटरवर येते. तिथे ३० मिमी फक्त अर्धा मीटर रुंद फ्रेम देते, सगळा चेहराच. १६ मिमी ९५ सेंटिमीटर देते, पण ३०पी चा क्रॉप आणि अ‍ॅक्टिव्ह स्थिरीकरण लावलं की ती जागाही आकसते. झेडव्ही-ई१० मध्ये सेन्सर स्थिर करणारी यंत्रणा नाही, आणि सिग्माच्या या छोट्या प्राइममध्येही नाही. अशा कामाला सोनीची ११ मिमी एफ/१.८ बरी: १८१ ग्रॅमची, तिच्यात ६५ सेंटिमीटरवर जवळजवळ १.४ मीटर मावतं, कापाकापी झाली तरी पुरतं. एकाच लेन्सकडून खुर्चीतलं बोलणं आणि हातातलं चित्रण दोन्ही मागू नका. हातात धरून दुसऱ्याचं चित्रण करायचं असेल तर सोनीची ३५ मिमी एफ/१.८ ओएसएस बघा. वजन १५४ ग्रॅम आणि स्थिरीकरण लेन्समध्येच आहे. लांब फोकल लेंथ हातात धरली की थरथर वाढते आणि या पिढीच्या सेन्सरवर कॅमेरा झपकन वळवला तर खांब तिरके दिसतात. ५० आणि ५६ ट्रायपॉडवरच शोभतात.

नथ, मंगळसूत्र, कापडाची वीण असं बारीक दाखवायचं असेल तर अ‍ॅपर्चरचा आकडा बाजूला ठेवून किमान फोकस अंतर बघा. सिग्माची ५६ मिमी ५० सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही. तिथे फ्रेम सुमारे १७ सेंटिमीटर रुंद असतो, त्यात नथ कोपऱ्यात हरवते. सोनीची ३० मिमी एफ/३.५ मॅक्रो नथ पूर्ण फ्रेमभर दाखवते, पण लेन्सचं तोंड वस्तूच्या इतकं जवळ जातं की उजेड अडतो. कॅननवाल्यांना ईएफ-एस ३५ मिमी एफ/२.८ मॅक्रो बरी, कारण तिच्या तोंडाशीच छोटे दिवे बसवलेले आहेत.

बाहेर उन्हात गेलात की मोठं अ‍ॅपर्चर अडचण होतं. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० ला एफ/२२ लागतो. तिथून एफ/२.८ वर यायला सहा स्टॉप, म्हणजे एनडी६४ (प्रकाश ६४ पट कमी करणारा काळसर काचेचा) फिल्टर हवा. एफ/१.४ वर यायला आठ स्टॉप. लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकट चित्र घेणारं सेटिंग) वापरलं तर किमान आयएसओच ५०० किंवा ८०० होतो आणि आणखी दोन-तीन स्टॉप वाढतात. एनडी नसेल तर कॅमेरा शटर १/२००० वर नेतो आणि चालणारी माणसं तुटक तुटक हलताना दिसतात. बदलता एनडी घ्या, पण त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत फिरवू नका. वाइड लेन्सवर फ्रेमभर फुलीसारखी काळी सावली येते. मापाचा विचार एकदाच करा: सिग्मा ३० चा व्यास ५२ मिमी, ५६ चा ५५, १६ चा ६७. फिल्टर एकच घ्या, ६७ चा, आणि लहान लेन्ससाठी शे-दोनशे रुपयांच्या स्टेप-अप रिंग. रिंग लावली की लेन्सचं हूड बसत नाही, तेवढं सोसावं लागतं.

दुसरे माउंट (कॅमेऱ्याची लेन्स बसवायची खाच) असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. सिग्माची ३० मिमी एफ/१.४ फुजी एक्स, निकॉन झेड आणि कॅनन आरएफ माउंटमध्येही मिळते. कॅननच्या जुन्या डीएसएलआरवर ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम घ्या: १२५ ग्रॅम, १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस. तुमच्या खोलीसारख्या जागेत तिचा फ्रेम दोन मीटरवर १८६ सेंटिमीटर रुंद येतो. कॅनन आरएफवर स्वस्तात काम भागवायचं तर आरएफ २८ मिमी एफ/२.८. निकॉन झेड क्रॉपवर त्यांची स्वतःची २४ मिमी एफ/१.७. मायक्रो फोर थर्ड्सवर तुमच्या ३० चं काम २२-२५ मिमी करेल.

लग्न, मुंज, गणपतीची मिरवणूक असं एकट्याने शूट करायचं असेल, तर प्राइमचा हट्ट सोडा. हळदीच्या गर्दीत लेन्स बदलायला वेळ नसतो, आणि उघड्या सेन्सरवर भंडारा-गुलाल बसला तर साफसफाईचा खर्च वेगळा. सिग्माची १८-५० एफ/२.८ ही ३०० ग्रॅमच्या आतली झूम अशा कामाला जास्त उपयोगी पडते. दोन स्टॉप उजेड जातो, पण क्षण हाती लागतो. प्राइम तुमच्यासारख्यांसाठी आहे, ज्यांची जागा ठरलेली आहे आणि अंतर मोजता येतं. दुसरी प्राइम घेण्याची घाई करू नका. घ्यायची झालीच तर ३० नंतर १६ किंवा ५६. २३ घेऊ नका, दोघींतला फरक खुर्ची दीड-दोन फूट सरकवून भरून निघतो.

जुनी लेन्स घेणार असाल तर मुंबईत बोरा बाजारात किंवा कुठेही, मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. दोन्ही झाकणं काढा, टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यातून गेलेल्या लेन्समध्ये ती बऱ्याचदा आढळते आणि काचेचा लेप खाते. मग समोरून दिवा आला की चित्र पांढुरकं होतं. धुळीचे दोन-चार कण असले तर चालतात, त्यांनी काही बिघडत नाही. मग लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर लावा, एफ/१.४ वर जवळून दूर असा ऑटोफोकस पाच-सहा वेळा करून बघा, कॅमेऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून हेडफोनने ऐका, आणि संपर्काच्या पितळी ठिपक्यांवर ओरखडे किंवा हिरवट थर आहे का ते पाहा. घरी आणल्यावर कापडी बॅगेत ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. सिलिकाचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरडे भाजून पुन्हा निळे करता येतात. त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नका, जुना वेगळा ठेवा, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. नारिंगी दाणे मिळाले तर तेच घ्या.